बोर्ड चालू आहे म्हणजे कुठे?

आमच्या संस्थेत दुसऱ्या मजल्यावर एक लहान, गार खोली आहे. तिथे सहा बोर्ड आहेत. या बोर्डांवरच्या चिपची आतली जोडणी कामागणिक बदलता येते, त्यामुळे साध्या संगणकाला तासभर लागणारी आकडेमोड काही मिनिटांत उरकते. असे बोर्ड सगळ्याच विद्यापीठांकडे नसतात. म्हणून आम्ही ते बाहेरच्या संशोधकांनाही वापरू देतो. वेळ आधी नोंदवायची आणि आपापल्या जागेवरून, नेटवरून काम करायचे. या व्यवस्थेचे नियम मी लिहिले. खोली सांभाळतात ते आमचे तंत्रज्ञ, ज्यांना सगळे नाडीवाले म्हणतात.

पूर्वी ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. उपकरणाजवळ हाताची मागची बाजू नेऊन ऊब पाहायची सवय तिथली. रोज सकाळी ते सहाही बोर्डांची अशी विचारपूस करतात. त्यांची बायको एकदा मला म्हणाली, "भावोजी, माझा ताप यांना थर्मामीटरशिवाय कळत नाही. बोर्डांचा मात्र दारातूनच कळतो!"

एका मंगळवारी एक संशोधक बाई बसने पाच तासांचा प्रवास करून थेट ऑफिसात आल्या. त्या भूकंपाच्या बारीक लहरी गोंगाटातून वेगळ्या काढण्यावर काम करत होत्या. शुक्रवारी त्यांच्या कामाचा आढावा घेणारी समिती बसणार होती. खऱ्या बोर्डावर घेतलेले मोजमाप दाखवले तरच मुदतवाढ मिळणार होती, नाहीतर चार वर्षांचे काम बंद. आणि आमची नोंदणी पुढचे बारा दिवस भरलेली.

"दोन तास पुरतील हो," त्या म्हणाल्या. "फाइल तयार आहे माझी."

मी नियम दाखवला: नोंदवलेला बोर्ड दुसऱ्याला देता येत नाही. त्या पर्स आवळून बसून राहिल्या.

नाडीवाले दारात उभे होते. "साहेब, जरा वर चला."

खोलीत त्यांनी माझा हात धरून एकेका बोर्डाजवळ नेला. दोन गरम, चार थंडगार. पडद्यावर मात्र सहाही बोर्डांपुढे 'चालू' लिहिलेले.

"हे काय?"

"तेच विचारतो आता." त्यांनी स्पीकर लावून तिसरा बोर्ड घेतलेल्या प्राध्यापकांना फोन केला. "सर, तुमचं काम चालू आहे ना?"

"म्हणजे काय! सकाळपासून चालू आहे."

"बोर्ड तर गार पडलाय."

"अहो, बिल्ड चालू आहे. संध्याकाळी होईल. मग बोर्ड लागेल."

बिल्ड म्हणजे बोर्डात भरायची फाइल तयार करणे. त्याला आठ-नऊ तास लागतात, आणि ते होते संशोधकाच्या स्वतःच्या संगणकावर. तेवढा वेळ बोर्ड नुसता अडकून राहतो.

"मग बोर्ड आत्तापासून कशाला, सर?"

"नंतर मिळाला नाही तर? सगळे असंच करतात."

फोन ठेवून नाडीवाले म्हणाले, "साहेब, बोर्ड चालू नाहीत, माणसं चालू आहेत."

मी हसलो, पण ओशाळलो. 'चालू' हा रकाना माझाच होता. काय चालू, कुठे चालू, हे विचारायचे मला कधी सुचलेच नव्हते. तिथेच उभे राहून मी नियमाखाली एक ओळ लिहिली आणि सही केली: फाइल तयार असेल त्यालाच बोर्ड मिळेल.

बाई लगेच लॅपटॉप उघडून बसल्या. पहिल्या खेपेला उत्तर चुकले. दुसऱ्या खेपेलाही. त्या पाणी प्यायल्या, मग त्यांनी एक ओळ दुरुस्त केली आणि लॅपटॉपवर दोन तासांचे नवे बिल्ड लावले. त्यांचा आराखडा लहान होता. नाडीवाल्यांनी तेवढ्या वेळात बोर्ड दुसऱ्या एकाला देऊन परतही घेतला.

पाचच्या सुमारास बाईंचे मोजमाप सुरू असताना प्राध्यापकांचा फोन आला. त्यांचे बिल्ड झाले होते.

"माझा बोर्ड कुठाय?"

"वीस मिनिटं थांबा, सर. सगळे बोर्ड कामात आहेत."

"मी नोंदणी केली होती! तक्रार करीन."

"करा की. साहेब इथेच उभे आहेत, देऊ का फोन?"

मी फोन घेतला आणि नवा नियम वाचून दाखवला. प्राध्यापक कुरकुरत थांबले.

साध्या संगणकावर अकरा मिनिटे घेणारे काम बोर्डाने चौदा सेकंदांत केले. बाईंना दहा सेकंदांची आशा होती. तरी आकडा त्यांनी तीनदा तपासून लिहून घेतला.

शुक्रवारी दुपारी त्यांचा फोन आला; नाडीवाल्यांनी स्पीकर लावला. एक वर्षाची मुदतवाढ मिळाली होती.

"छान झालं, ताई," नाडीवाले म्हणाले. "पुढच्या वेळीही फाइल तयार करूनच या. तुमच्यासाठी म्हणून बोर्ड अडवून ठेवणार नाही."

"नकाच ठेवू," त्या म्हणाल्या.