विनायकला विचारायचं राहिलं

“मॅडम, हा फॉर्म परत आणलाय. सही चुकीच्या माणसाची हाय.”

अक्षयनं संमतीपत्र माझ्या टेबलावर ठेवलं. कागद चुरगळलेला होता. खाली वडिलांची सही, मराठीत, ठळक.

“पालकांची सही आहे की. चुकलं काय?”

“विनायक वीस वर्षांचा हाय, मॅडम. त्याला सगळं कळतंय. वडील सही करत होते तेव्हा तो कागद ओढत होता. मला वाटलं, उगंच चिडलाय.”

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आजारामुळं किंवा अपंगत्वामुळं ज्यांना रोजची कामं जमत नाहीत, त्यांना ती जमावीत म्हणून वाट काढणं हे माझं काम. जेवणं, कपडे घालणं, लिहिणं, असली साधी कामं. कोल्हापुरात अठ्ठावीस वर्षं हेच केलं आणि शेवटी शेवटी कॉलेजात शिकवलं. अक्षय तिथला शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. जयसिंगपूरहून रोज एसटीनं यायचा. त्याच्या प्रोजेक्टचा विषय ‘ट्रान्झिशन’. विशेष शाळा अठराव्या वर्षी संपते. त्यानंतर अपंग मुलामुलींचं मोठं होणं कसं होतं, हे त्याला बघायचं होतं. त्यानं अकरा घरं निवडली. प्रश्न मीच तपासून दिले होते. प्रमाणपत्र, पेन्शन, प्रशिक्षण, लग्न. सगळे प्रश्न आईवडिलांना. त्यात मला काही खटकलं नव्हतं.

अक्षयनं मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. विनायकचे वडील, तानाजीराव, मोठ्या आवाजात उत्तरं देत होते. त्यांच्या मागं एक घोगरा आवाज सारखा येत होता. पहिल्यांदा मला तो दाराचा वाटला. मग कळलं. “मी... मी... मी.” पंचवीस मिनिटं.

विनायकला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्मताना मेंदूला इजा झाली. हातपाय ताठ, उच्चार अस्पष्ट. बुद्धीला काही झालेलं नाही.

“सबमिशनला चार आठवडे आहेत,” मी म्हटलं. “पालकांची मुलाखत म्हणून धर आणि पुढं जा.”

“मग टायटल बदलूया की, मॅडम. ‘पालकांना काय वाटतं’ असं लिहितो.”

तो उद्धटपणे बोलला नव्हता. म्हणूनच मला लागलं. शनिवारी मी त्याच्याबरोबर गेले.

कोल्हापूरजवळ गडमुडशिंगीच्या पलीकडं त्यांचं घर. दोन म्हशी, थोडा ऊस. तानाजीरावांनी खुर्च्या टाकल्या.

“बसा की. परवाच सगळं सांगितलंय या पोराला. आणि काय ऱ्हायलं?”

“आज विनायकशी बोलायचंय,” मी म्हटलं.

“त्येला बोलाय कुठं येतंय, मॅडम? काय पायजे ते मला इचारा.”

विनायक पलंगावर भिंतीला टेकून बसला होता. मिसरूड फुटलेलं, केस नीट विंचरलेले. तो माझ्याकडं सरळ बघत होता. अक्षयनं अक्षरांचा तक्ता त्याच्यापुढं धरला. ज्यांना बोलता येत नाही ते यावर एकेक अक्षर दाखवून शब्द जुळवतात. विनायक शाळेत असा तक्ता वापरायचा. शाळा सुटली तेव्हा तक्ता शाळेतच राहिला. दोन वर्षं घरात कुणी नवीन केला नव्हता.

आधी अक्षयनं संमतीपत्र वाचून दाखवलं. विनायकनं डाव्या मुठीत पेन धरलं आणि ‘वि’ काढला. त्याला बराच वेळ लागला. तानाजीराव दोनदा उठून म्हशींकडं जाऊन आले.

मग अक्षयनं विचारलं, “आता तू मोठा झालास. कुठली गोष्ट बदलायला पायजे असं वाटतं?”

आम्हाला वाटलं, नोकरी म्हणेल, नाहीतर मोबाइल. विनायकनं बोटाच्या पेरानं अक्षरं दाखवली. आं. घो. ळ.

“आंघोळ सकाळीच घातलीया की,” दारातून त्याची आई म्हणाली. सुनंदाताई.

विनायकनं मान हलवली. परत बोट तक्त्यावर. आ. ई. न. को.

सुनंदाताई पदराला हात पुसत आत गेल्या.

“बास करा आता,” तानाजीराव म्हणाले. “शिकल्याली माणसं तुमी, आन् घरात भांडणं लावाय आलाय व्हय?”

अक्षय माझ्याकडं बघायला लागला. मी उठून स्वयंपाकघरात गेले. सुनंदाताई चुलीपाशी नुसत्या उभ्या होत्या.

“ईस वर्सं झाली, मॅडम. एक दिस चुकला न्हाय. पोराला माझी लाज वाटाय लागली व्हय?”

“तुमची नाही हो. तो मोठा झालाय. तुमच्यापुढं उघडं बसणं त्याला अवघड होतंय.”

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “मीबी दोन वर्सं झाली डोळं मिटूनच घालतीया. त्योबी मिटून घेतोय. पर मी सोडलं तर दुसरं कोण घालणार?”

दोघंही रोज सकाळी डोळे मिटत होते आणि एकमेकांना सांगत नव्हते. आमच्या प्रश्नावलीत यावर प्रश्न नव्हता. मी एवढ्या वर्षांत शेकडो आयांना मुलांना आंघोळ कशी घालायची ते शिकवलं. कधी थांबायचं, ते एकीलाही सांगितलं नाही.

पुढचं काम माझ्या हातातलं होतं. न्हाणीत भिंतीला धरायला दांडी, पाठीला टेकता येईल असं प्लास्टिकचं स्टूल, हातात बसेल असं साबण घातलेलं कापडी पाकीट. न्हाणीत नेऊन स्टुलावर बसवणं तेवढं वडिलांनी करायचं, आंघोळ विनायकनं आपली आपण.

“माझ्यानं व्हायचं न्हाय,” तानाजीराव म्हणाले. “मी त्येच्या अंगाला कंदी हात लावला न्हाय.”

ते मारहाणीबद्दल बोलत नव्हते. वीस वर्षांत त्यांनी त्याला उचललंच नव्हतं, हे सांगत होते.

तरी त्यांनी केलं. पहिल्या दिवशी कसं झालं ते मला ठाऊक नाही, दार लावलेलं होतं. दुसऱ्या आठवड्यात विनायक स्टुलावरून घसरला. कपाळाला दोन टाके पडले. सुनंदाताईंचा मला फोन आला. “ऱ्हाऊ द्या, मॅडम. मीच घालते.”

संध्याकाळी अक्षय तिकडं गेला. विनायकनं तक्ता मागून घेतला आणि दाखवलं, ‘उद्या’. वडील म्हणाले, “बरं, उद्या.” मी स्टुलाच्या पायांना रबर लावून दिलं. ते आधीच लावायला हवं होतं.

अक्षय बाकीच्या दहा घरी परत गेला. तीन ठिकाणी त्याला दारातूनच पाठवलं. जे बोलले त्यांच्याकडून नवं काही ना काही कळलं. एका मुलीला तिच्या नावाचं पत्र हवं होतं, कुणाचंही. सबमिशन लांबलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, “मधेच प्रश्न कसे बदलले? मेथडमध्ये हे बसत नाही.”

“पहिले प्रश्न चुकले होते, सर,” अक्षय म्हणाला.

मार्क जेमतेम पडले. मी गाइड होते, तेव्हा त्यातला निम्मा दोष माझा.

विनायकनं प्रोजेक्टात आंघोळीचं लिहू दिलं नव्हतं. नंतर इथं लिहू का म्हणून मी विचारलं, तेव्हा नाव बदलून लिहा असं त्यानं तक्त्यावर दाखवलं. इथली सगळ्यांची नावं बदललेली आहेत.

त्याला अजून काम मिळालेलं नाही. प्रशिक्षणाला कोल्हापुरात रोज नेणार कोण, हा प्रश्न तसाच आहे. आंघोळ मात्र तो करतो. पाऊण तास लागतो. गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा न्हाणीचं दार बंद होतं आणि सुनंदाताई बाहेर उभ्या होत्या.

“पाण्याचा आवाज येतोय तवर काय वाटत न्हाय,” त्या म्हणाल्या. “थांबला की मातूर जीव वर येतोय.”

तो आवाज तेवढ्यात थांबला. त्यांनी दाराला हात लावला नाही. थोड्या वेळानं परत पाणी पडायला लागलं.

माणूस समोर बसलेला असताना त्याच्याबद्दल दुसऱ्याला विचारू नये. हे कुठल्याही कोर्सात शिकवत नाहीत. मला मात्र कळायला अख्खी नोकरी लागली.