बुडाशी उरलेला वास

आज दुकानात नवी बाटली हुंगली आणि माझं डोकंच फिरलं. लेबल तेच, निळं झाकण तेच, पण बाबांचा वास त्यात नव्हता. बाबा हे कलोन अत्तरासारखं वापरायचे. रोज सकाळी त्याचा फाया कानात खोचूनच कामावर जायचे. लोक हसायचे.

"कंपनीनं काहीतरी बदललंय," मी म्हणाले.

"माल तोच आहे, ताई," दुकानदार म्हणाला. "तुमचं नाक बदललं असेल."

हेच ते! नळाला गढूळ पाणी येतं म्हणून आम्ही पत्रकं वाटली, तेव्हाही पालिकेकडून हेच ऐकलं होतं. पाणी तेच आहे, म्हणे, तुम्हीच नाजूक झालात. बदलायचं त्यांनी आणि खुलासे द्यायचे आपण.

पण माझ्याकडे पुरावा होता. बाबांची शेवटची बाटली, बुडाशी बोटभर उरलेली. नवी घेऊन तरातरा घरी आले आणि जुनीच्या झाकणाला हात घातला, तोच आई ओरडली, "अगं, किती वेळा उघडशील? वास उडून चाललाय त्यातला!"

खरंच होतं. उघडली तर बाबा थोडे आणखी जाणार, नाही उघडली तर दुकानदार खरा ठरणार.

आईनं नव्या बाटलीतला फाया माझ्या कानात खोचला आणि वाकून हुंगलं. "नाही गं, हे ते नव्हेच," ती म्हणाली. मग जुनी बाटली कपाटात ठेवून तिनं कुलूप लावलं.

मी जिंकले होते. किल्ली मागायचा मात्र धीर झाला नाही.