धसईच्या गाडीतले हायकू

धसईहून मुरबाडला जाणाऱ्या पहिल्या एसटीचा तो कंडक्टर थंडीत रोज एक हायकू लिहायचा, तोही शांततेवर! आवाज मात्र असा, की त्याने तिकीट विचारलं तरी झोपलेलं पोर दचकून रडायला लागे. हातातला तिकिटाचा चिमटा टिकटिकवत तो अक्षरं मोजायचा आणि मफलर सोडून ओरडायचा, "आजचा ऐका!

धुक्यात गाव
कोंबडाही विसरे
आरवायचं!"

रोज त्याच गाडीने जाणारा मी तर त्या हायकूचीच वाट बघायचो.

एका सकाळी सागाच्या रानात त्याने मध्येच घंटी मारली आणि ड्रायव्हरला इंजिन बंद करायला लावलं.

"बिघडली का रे गाडी?" भाजीची पाटी घेऊन बसलेल्या मावशी करवादल्या. "माझं गिऱ्हाईक जाईल!"

त्याने ओठांवर बोट ठेवलं. बाहेर दाट धुक्यात सागाच्या पानांवरून दव टपटपत होतं, पार लांबपर्यंत, सगळ्या रानात.

"आज काय लिवलं नाय," तो पहिल्यांदाच हळू बोलला. "ह्याच्यापुढं काय लिवू?"

त्याने घंटीच्या दोरीला हात घातला. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "थांब रे जरा. ऐकू दे."