उतारावरचा अर्धा टँकर

आमचे वडील, आबा गेले, त्यांच्या जलदान विधीच्या दिवशीच दुपारी माझ्या धाकट्या भावाची मुलाखत होती. पुढची तारीख घे, असं मी दोनदा सुचवलं. तो म्हणाला, "अक्का, आबा दर फोनला विचारायचे, तुझी स्वतःची सही कधी चालणार? आता पुढं कसं ढकलू?"

ती सही कसली, हे नातेवाइकांना सांगून आबा थकले होते. समुद्रातल्या तेलविहिरींसाठी लागणारे प्रचंड लोखंडी सांगाडे किनाऱ्यावर बांधतात आणि बार्जवर चढवून खोल पाण्यात नेतात. सगळं नीट बांधलंय का, हवामान कसं आहे, हे विम्यासाठी तपासणारा माणूस म्हणजे मरीन वॉरंटी सर्व्हेअर. त्याच्या सहीशिवाय बार्ज धक्का सोडत नाही. या कामात बहुतेक जहाजांवरचे कप्तान असतात, किंवा जहाजबांधणी शिकलेले. माझा भाऊ नांदेडला शिकलेला सिव्हिल इंजिनिअर. बरीच वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काम करून, प्रत्येक कामाचा दाखला जोडून त्याने मान्यतेसाठी अर्ज केला होता. कागदपत्रं पसंत पडली होती. मुलाखत तेवढी उरली होती.

तो आठवडाभर मी त्याची परीक्षक झाले. वारा किती असला तर निघायचं? ओढायचा दोर तुटला तर? आबांबरोबर राहणारी आत्या भाकरी थापत ऐकायची. "प्यायला घागरभर पाणी न्हाई, अन् हा समुद्र पाठ करून राहिला!" आबा गेल्यावर आम्ही पहिल्यांदा हसलो ते तेव्हा.

विधीच्या दिवशी मागवलेला टँकर वरच्या गल्लीत निम्मा रिकामा होऊन आला. आमची गल्ली उताराची, त्यात रस्ता एका बाजूने खचलेला. खाली मांडव माणसांनी भरलेला. भाऊ उठला आणि टँकरपुढे जाऊन उभा राहिला.

"खाली आणू नका."

"साहेब, भरलेला उतरवतो मी. अर्ध्याला काय होतंय?" ड्रायव्हर म्हणाला.

"अर्धा आहे म्हणूनच. रस्ता तिरका. आतलं सगळं पाणी एका अंगाला धावणार. खाली माणसं बसलीत."

"अरे, लोकं तहानलेली, भंतेजी खोळंबलेत," आत्या मांडवातून ओरडली, "अन् तू टँकर अडवून राहिलास!"

"टँकरचा बी इमा काढला का रे?" एक चुलतभाऊ म्हणाला. मांडव हसला.

भावाची मान लाल झाली, पण तो हलला नाही. येऊ दे की, असं मलाही वाटत होतं. तरी मी घागर उचलली. मग बायका उठल्या, पाठोपाठ पुरुष, आणि हातोहात घागरी खाली उतरू लागल्या. विधी उशिरा झाला.

जाताना ड्रायव्हर म्हणाला, "उतरला असता, साहेब."

"कदाचित उतरला असता," भाऊ म्हणाला.

आमचं उदगीर जिल्हा व्हावं म्हणून त्या दिवशी बंद होता. नेटकॅफेला कुलूप. आबांच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, मोबाइलच्या नेटवर मुलाखत सुरू झाली. मी दाराबाहेर उभी. तेवढ्यात मोर्चा आला. "जिल्हा झालाच पाहिजे!" हा कसला आवाज, असं पलीकडून कुणीतरी इंग्रजीत विचारलं. भावाने सांगितलं तेव्हा तिकडे हशा पिकला. मग प्रश्न आला: सगळे निघायला तयार असताना तुम्ही एकट्याने काम थांबवलं, असं शेवटचं कधी घडलं?

हा प्रश्न आमच्या तयारीत नव्हता.

"आज सकाळी," भाऊ म्हणाला.

त्याने सगळं सांगितलं. टँकर उतरलाही असता, हेसुद्धा. मग एकाने उतार किती होता ते विचारलं, दुसऱ्याने टाकीची रुंदी. आमच्या गल्लीवर ती माणसं कितीतरी वेळ बोलत बसली. मी दाराबाहेर पदर तोंडाला लावून हसत होते.

निकाल आला तेव्हा मी लातूरला, कॉलेजच्या ग्रंथालयात कामावर होते. फोनवर भाऊ म्हणाला, "अक्का, आता माझी सही चालते!" मी मोठ्याने ओरडले. ज्या पोरांना मी रोज गप्प करते, ती माना वर करून बघत राहिली.

त्याचा फोन ठेवला आणि सवयीने आबांचा नंबर लावला. आत्याने उचलला.

"मिळाली?"

"मिळाली."

ती नाक ओढत म्हणाली, "थांब, टँकर आलाय. त्या ड्रायव्हरला सांगून येते."