दीड स्टार

कोणाची तारीफ केल्याचे किस्से कोणी सांगत नाही. कोणाचे वाभाडे काढल्याचे मात्र साठत जातात. पनवेलच्या एका साप्ताहिकात मी सात वर्षं संगीताचं पान सांभाळलं. सीडींचे ते शेवटचे दिवस. साप्ताहिक बंद पडलं, सीडीही गेल्या, किस्से तेवढे राहिले. मैत्रिणी जमल्या की अजूनही फर्माईश होते आणि मी हसत हसत सुरुवात करते. हल्ली ते हसू मधेच अडकतं.

*

परीक्षणं लिहायचे आमचे सर. हार्मोनियमचे क्लास घ्यायचे. कान तयार, माणूस सज्जन. पण पॉपचा अल्बम हातात आला की सर आधी कव्हर उलटं करायचे. मागे तबलजीचं नाव नाही आणि 'प्रोग्रामिंग' असं छापलेलं दिसलं, की एक स्टार तिथेच कापला जायचा! मग पहिल्या गाण्याचा पहिला अंतरा ऐकायचा आणि प्लेअर बंद.

अजून सात गाणी आहेत, असं मी एकदा भीत भीत म्हटलं. सर म्हणाले, "शितावरून भाताची परीक्षा."

मी मान डोलावली. नवीन होते, आणि मला सरांसारखं व्हायचं होतं.

*

एकदा एका मोठ्या गवयाच्या ख्यालाची सीडी आली. ती सरांनी अथपासून इतिपर्यंत ऐकली, डोळे मिटून. परीक्षणात लिहिलं, 'एकाच तानेकडे पुन्हा पुन्हा परतण्याचं धाडस थक्क करतं.' चार स्टार!

अंक छापून आल्यावर मी सीडी घरी नेऊन लावली. ती तान एकदाच आली आणि बुवा पुढे गेले. ऑफिसचा प्लेअर अडकत होता!

सरांना हे मी आजतागायत सांगितलेलं नाही. त्याच अंकात एका पोरीने मुखडा चार वेळा घेतला म्हणून आम्ही तिचा स्टार कापला होता. तिला काय वाटलं असेल, हे तेव्हा मनातही आलं नाही.

*

ऐकून परत करायच्या बोलीवर आम्हाला सीडी द्यायचे ते सलीमभाई. बाजारात त्यांचं दुकान, भाऊ कुवेतला. ते एकदा म्हणाले, "मॅडम, तुम्ही ज्याला झोडता ना, तो माल मी जास्त मागवतो. गल्फची पोरं सुट्टीवरून परत जाताना तेच नेतात."

तेच का, असं मी जरा तोऱ्यातच विचारलं.

"तिकडे एका खोलीत दहा माणसं राहतात. सगळ्यांना मिळून गाता येईल असं लागतं त्यांना. दिल लगता है."

ऑफिसात जाऊन मी हे विनोद म्हणून सांगितलं. सर हसले, मीही हसले. आमच्या पानाला सलीमभाईंसारखा समीक्षक हवा होता, असं आता वाटतं. तेव्हा त्यांना साधा चहासुद्धा विचारला नाही.

*

मग सरांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पान माझ्या एकटीवर आलं. त्याच आठवड्यात जवळच्या कोन गावचा बळीराम ऑफिसात आला. दिवसा डंपर चालवायचा, लग्नसराईत हळदीची गाणी गायचा. पहिलाच अल्बम. त्याने सीडी दोन्ही हातांनी पुढे केली.

"मॅडम, पाचवा गाना तेवढा ऐका. आमच्या आयचा हाय तो, तिच्या तोंडातून घेतलाय."

तो गेल्यावर मी कव्हर उलटं केलं. तबलजी नव्हता. दुसऱ्या गाण्यावर प्लेअर बंद केला आणि दीड स्टार दिला. लिहिताना हात असा काही चालला, की सरांनी अंथरुणातून फोन करून शाबासकी दिली. त्या रात्री मला छान झोप लागली. याची मला आता लाज वाटते.

बळीराम पुन्हा ऑफिसात आला नाही. भांडायलासुद्धा नाही.

*

दोन वर्षांनी सलीमभाईंनी सांगितलं, बळीराम काविळीने गेला. त्याच्या जाण्याशी माझ्या लिहिण्याचा काही संबंध नव्हता, हे मला कळतं. तरी राहवेना. कोनला गेले.

ओटीवर त्याची आई एकटीच बसली होती. पेपरातून आले, एवढंच मी सांगितलं. ती उठून आत गेली आणि एक फ्रेम घेऊन आली. काचेखाली माझं परीक्षण होतं, बळीरामच्या फोटोसकट. तिने ते माझ्या मांडीवर ठेवलं.

"मना वाचता येत नाय. तो वाचून दाखवाचा, रोज. तू वाच."

मी वाचायला लागले. जे लिहायला हवं होतं, ते वाचलं. आवाज मोकळा आहे, ठेका पाय स्थिर राहू देत नाही, पाचवं गाणं आईकडून आलेलं आहे आणि ते सगळ्यांनी ऐकावं असं आहे. शेवटी चार स्टार म्हटलं.

तिने फ्रेम माझ्याकडून घेतली आणि पदराने काच पुसली.

"आसा नाय, बाय," ती म्हणाली. मग तिने समोर बघत, बळीरामने वाचलं असेल तसं, सावकाश शुद्ध भाषेत म्हटलं, "'मांडव उतरला की या गाण्यांचं आयुष्य संपतं.' आन मंग दीड स्टार. मना पाठ हाय."