मेलडीची गल्ली

वापीच्या कारखान्यांचा कचरा निवडायच्या वजुभाई शेठच्या गोदामात जशीबेनचं निम्मं आयुष्य गेलं. ती बायकांची मुकादम, आणि जीभ अशी तिखट की ट्रकवालेही वचकून असत. शेजारचं गोदाम जळालं तेव्हा दोघीजणी मालाच्या ढिगामागे अडकून मेल्या. तेव्हापासून जशीबेननं एकच ध्यास घेतला: गठ्ठ्यांमधून मागच्या दारापर्यंत एक गल्ली मोकळी राहायलाच हवी.

राहायची कुठली! सकाळी ती मोकळी करायची, संध्याकाळी ट्रक आला की शेठ तिथं प्लॅस्टिकचे गठ्ठे रचायचा.

"जशीबेन, आग काय तुला निरोप धाडून येणार आहे?"

"मला नाही, तुम्हालाच धाडेल!"

भांडून भागेना, तेव्हा तिनं अक्कल लढवली. गल्लीच्या मधोमध मेलडी मातेची तसबीर ठेवली, वर लाल चुनरी घातली. एवढ्या कडक देवीपुढं माल रचायची शेठची काय छाती! गल्ली मोकळी राहिली. जशीबेन भलतीच खूश. रोटला खाताना ती बायकांना पढवायची, "आग लागली तर इकडंतिकडं बघायचं नाही. सरळ मातेकडं पळायचं."

पण माता बसली म्हणजे दिवा आला, अगरबत्ती आली. नवसाच्या चुनऱ्या दोन्हीकडच्या गठ्ठ्यांवर लोंबू लागल्या. जशीबेनला ते दिसत होतं. पण मातेचा दिवा विझवा, असं सांगायचं कुठल्या तोंडानं? तिनंच तर आणून बसवली होती.

नवरात्रातल्या अष्टमीला, भर दुपारी, एका चुनरीनं पेट घेतला. क्षणात काळा धूर कोंदला. जशीबेननं बायकांना पुढच्या दारानं बाहेर काढलं. तिची धाकटी नणंद कंकू मात्र पढवल्याप्रमाणं मातेकडं पळाली.

"कंकू, तिकडं नको गं! मागं फीर!" जशीबेनचा घसा फाटला. कंकू आली नाही.

शेठलोकांचं एक बरं असतं. दोष द्यायला देव आयताच सापडतो. नव्या गोदामात वजुभाईनं गल्लीच्या मधोमध संगमरवरी देवळी बांधून घेतली आणि जशीबेनला बोलावलं.

"आईचा कोप झाला, बेन. पहिला दिवा तूच लाव."

"दिवा नको, शेठ. तिला तुमच्या ऑफिसात बसवा. मला फक्त गल्ली द्या, रिकामी."



"माताच नसेल, तर गल्ली रिकामी कशाला ठेवायची?"