लूमच्या हाताने बांधलेला पट्टा

भिवंडीजवळच्या राहनाळमधल्या एका गोदामातला सुपरवायझर दौलत शनिवारी रामदासच्या ट्रकपाशी आला. "मामा, गाडी किंचाळते तुमची. सोमवारी नवीन शेठ येणार बघायला. अशीच आली तर नाशिकची रोजची फेरी दुसऱ्याला जाईल. माझा काय इलाज न्हाय."

गाडी किंचाळते हे रामदासला दौलतच्या ओठांवरून कळलं. गाडीने स्वतःहून तसं काही कळवलं नव्हतं. भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यात त्याने सव्वीस वर्षं जॉबर म्हणून काढली होती. लूम बिघडला की हाक त्यालाच. पुढे लूम भंगारात गेले आणि त्याने ट्रक घेतला. कान मात्र त्या खडखडाटात लूमच्याही आधी निवृत्त झाले होते, निरोप समारंभाशिवाय.

रविवारी सकाळी त्याने घरासमोरच बॉनेट उघडलं. जन्मभर लोकांची यंत्रं खोलणाऱ्याने स्वतःची गाडी गॅरेजमध्ये न्यायची, हे त्याला पटण्यासारखं नव्हतं.

पंखा आणि डायनामो फिरवणाऱ्या पट्ट्यांची जोडी घासून गुळगुळीत झाली होती, कडांना भेगा पडल्या होत्या. त्याने डायनामोचा बोल्ट सैल केला, जुने पट्टे उतरवले, नवे चढवले, पहारीने डायनामो रेटून धरला आणि बोल्ट आवळला. इतका, की अंगठ्याने दाबूनही पट्टे हलेनात. लूमवर असंच करायचे. नवा पट्टा कडक बांधायचा. दोन पाळ्यांत तो आपणहून सैल पडतो.

इंजिन चालू करून त्याने मडगार्डवर तळवा ठेवला. थरथर स्वच्छ होती.

"झालं," तो म्हणाला.

"न्हाय झालं." ओट्यावर मेथी निवडत बसलेली त्याची बायको बकुळा म्हणाली. कारखान्यात तिनेही अकरा वर्षं सुताच्या कांड्या भरल्या होत्या, पण शेजारच्या खोलीत, दार लावून. त्या दारामुळे घरात कानांची एक जोडी शिल्लक होती. "आधी किंचाळत होती, आता कण्हतेय."

"काय?"

"कण्हतेय!"

"कण्हायला ती काय बाळंतीण हाय? हात लावून बघितलं मी."

"हाताला ऐकू येतं, तर मघाशी दूधवाला तीनदा सायकलची बेल वाजवून गेला, तेव्हा हात कुठं होता तुमचा?"

रामदासने इंजिन बंद केलं आणि निव्वळ तिला खोटं पाडायला म्हणून डायनामोच्या बेअरिंगला बोट लावलं. चटका बसला. दोन पाळ्या वाट बघितली असती, तर पट्टा सैल पडण्याआधी बेअरिंगच गेलं असतं.

त्याने बोट झटकलं. मग म्हणाला, "बकुळे, इकडं ये जरा."

तीस वर्षांच्या संसारात यंत्राच्या कामात तिला आलेली ही पहिली हाक होती. पदर खोचून ती पंख्यापासून चार हात लांब उभी राहिली. तो केबिनमध्ये चढला, इंजिन चालू केलं आणि खिडकीतून तिच्याकडे बघू लागला. ओरडण्यात अर्थ नव्हता. कारखान्यात सगळेच हातांनी बोलायचे, ती भाषा दोघांनाही येत होती.

तिने मूठ आवळून दाखवली: तंग आहे. तो उतरला, बोल्ट जरा सैल केला, पुन्हा चढला. आता तिने बोटं फडफडवली: फार सैल, परत किंचाळतेय. चौथ्या खेपेला ती डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली. मग आडवा तळहात हवेत फिरवला. चालू दे.

त्याने इंजिन बंद केलं आणि पट्टा मधोमध दाबून बघितला. अर्धा इंच दबला. त्याने तो पुन्हा दाबला, अंगठ्याच्या लक्षात राहावं म्हणून.

सोमवारी नवीन शेठने चालू गाडीभोवती एक फेरी मारली. "कुठल्या गॅरेजला केली?"

दौलतने प्रश्न ओठ हलवून पुन्हा सांगितला.

"घरीच," रामदास म्हणाला. "बायको ऐकते, मी बांधतो."

शेठला ते नीटसं समजलं नाही. पण गाडी आठ नंबरच्या दाराला लावायला त्याने सांगितलं. नाशिकचा माल तिथे भरत होते.